प्रागमध्ये शनिवार-रविवार: चार-सहा मित्रांनी शहर नीट कसं पाहावं

रानवारा

जर्मनी, ऑस्ट्रिया, यूकेतली बरीच मराठी मंडळी शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतायचं अशा बेताने प्रागला जातात. शहर दोन दिवसांत होतं. पण कुठला भाग कोणत्या दिवशी ठेवायचा हे उलटं झालं तर निम्मा वेळ बंद दारासमोर जातो.

ज्यू वस्तीतली, म्हणजे योसेफोवमधली सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात, कारण तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार. प्रागच्या किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथीड्रल रविवारी सकाळच्या प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारी १२ नंतरच उघडतं. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी योसेफोव. हे दोन खांब पक्के रोवा, बाकीचं त्यांच्याभोवती बसवा.

शनिवार असा ठेवा. साडेआठला ट्राम २२ पकडून 'प्राझ्स्की ह्राड' थांब्यावर उतरायचं. तिथून खंदकावरचा पूल ओलांडून आत शिरायचं, बॅगांची तपासणी होऊ शकते. नऊला इमारती उघडतात, तेव्हा तुम्ही कॅथीड्रलच्या दाराशी असायला हवं. साडेदहानंतर मोठे गट येतात आणि आत मान वर करून उभं राहायलाही जागा उरत नाही. मुख्य तिकिटात कॅथीड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन येतं. दक्षिण मनोऱ्याचं तिकीट वेगळं, पायऱ्या २८७, लिफ्ट नाही. मुख्य तिकीट दोन दिवस चालतं, त्यामुळे एखादी इमारत राहिली तर रविवारी दुपारी परत येता येतं. एप्रिल ते ऑक्टोबर इमारती पाचला बंद होतात, हिवाळ्यात चारलाच.

चार्ल्स पूल शनिवारी किंवा रविवारी, पण उजाडताना. जूनमध्ये सूर्य पाचच्या आतबाहेर उगवतो, डिसेंबरमध्ये आठला. म्हणजे हिवाळ्यात लवकर न उठताही पूल रिकामा मिळतो. उन्हाळ्यात मात्र साडेसहापर्यंत पोचायलाच हवं, नऊनंतर पुतळे दिसत नाहीत, माणसंच दिसतात.

रविवार सकाळ योसेफोव, दुपार ओल्ड टाउन, संध्याकाळी वेळ असेल तर व्हिशेह्राद, म्हणजे नदीकाठचा जुना तटबंदीचा गड.

खालच्या प्रतिसादांत जाणकारांनी भर घालावी. खाणं, पैसे, गाडी, खगोलीय घड्याळ यांवर स्वतंत्र लिहिलं तर जास्त उपयोग होईल.

ओसरी

छान धागा. आम्ही सहा जण लेस्टरहून विमानाने येणार आहोत. विमानतळावरून शहरात यायला सगळ्यात सोपं काय? आणि सहा जणांनी ट्रामची तिकिटं कशी काढायची?

मैलाचा_दगड

@ओसरी, यूकेहून येणारी विमानं टर्मिनल १ ला लागतात, शेंगेनमधली (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांतली) टर्मिनल २ ला. बाहेर पडल्यावर ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस घ्या. २०२४ पर्यंत इथे ११९ क्रमांकाची बस होती. जुन्या प्रवासवर्णनांत तोच नंबर सापडतो आणि लोक तो शोधत उभे राहतात. ५९ तुम्हाला 'नाद्राझी वेलेस्लावीन' या मेट्रो स्थानकावर सोडते. तिथून हिरवी ए लाइन थेट स्तारोम्येस्त्स्का, म्हणजे ओल्ड टाउनपर्यंत. सगळं मिळून पाऊण तास धरा. हॉटेल पिवळ्या बी लाइनवर असेल तर १०० क्रमांकाच्या बसने झ्लिचीन मेट्रो स्थानक गाठणं सोयीचं.

तिकिटाचं तत्त्व समजून घ्या. तिकीट वेळेचं असतं, अंतराचं नाही. ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. एकाच तिकिटावर मेट्रो, ट्राम, बस सगळं चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं ७२ तासांचं तिकीट सोमवार संध्याकाळपर्यंत पुरतं. २४ तासांचं तिकीट पहिल्या वापरापासून सुरू होतं, मध्यरात्री संपत नाही, तेव्हा शनिवारी सकाळी नऊला सुरू केलेलं रविवारी सकाळी योसेफोवला पोचेपर्यंत कामी येतं.

दंड होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं राहतं. तिकीट खिशात आहे, पैसे भरलेत, पण त्यावर वेळेचा शिक्का नाही. तपासनिसाच्या लेखी ते कोरं तिकीट. मेट्रोत यंत्रं सरकत्या जिन्याच्या आधीच असतात, खाली फलाटावर नसतात. शिक्का एकदाच मारायचा, दर वेळी नाही. ट्राममधल्या नारिंगी यंत्रावर कार्ड टेकवून घेतलेलं तिकीट मात्र शिक्का मारूनच येतं. 'पीआयडी लिताच्का' ॲपवरचं तिकीट आधी घेऊन ठेवता येतं, पण चढण्याआधी ते सुरू करावं लागतं आणि लागू व्हायला थोडा वेळ जातो. तपासनीस दिसल्यावर सुरू केलेलं धरत नाहीत. सहा जणांची तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका. गर्दीत दोघं मागच्या डब्यात चढले की त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं.

शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, त्यामुळे ट्राम २२ चा मार्ग कधी कधी बदललेला असतो. थांब्यावर पिवळा कागद दिसला की थांबून वाचा.

एक सीमेवरचं: ब्रिटिश पासपोर्टवर यूकेहून येणाऱ्यांचे शेंगेनच्या नव्या प्रवेश-निर्गमन नोंदीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात; भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा घेऊन येणाऱ्यांचा फोटो घेतात, ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. पहिल्या खेपेला रांग लांबते. शुक्रवारी उतरल्यावर तासाभरात कुठे जेवणाचं टेबल ठरवू नका. जर्मनी किंवा दुसऱ्या शेंगेन देशाचा राहण्याचा परवाना असलेल्यांना ही नोंद लागू नाही.

घडीव

रानवारा, किल्ल्याचा क्रम मी थोडा वेगळा सुचवेन. प्राझ्स्की ह्राडऐवजी पुढे 'पोहोर्झेलेत्स'ला उतरावं. स्त्राहोव मठाचं ग्रंथालय नऊला पाहून, लोरेटा या तीर्थस्थानावरून उतरत किल्ल्यात शिरायचं, आणि पूर्वेच्या जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्काला बाहेर पडायचं. सगळा रस्ता उताराचा. गुडघे दुखणारं कोणी असेल तर हाच मार्ग.

रानवारा

@घडीव, उताराचं पटतं, पण त्यात कॅथीड्रलला पोचेपर्यंत अकरा वाजतात, तीच गर्दीची वेळ. धडधाकट गटाने आधी कॅथीड्रल करावं. बाराला पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा मोठा सोहळा बँडसह होतो. तो बघून पश्चिमेच्या दाराने बाहेर पडायचं आणि लोरेटा, स्त्राहोव असं चालत जायचं. स्त्राहोवहून पेत्रझिन टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत जवळजवळ सपाट पायवाट आहे, वीसेक मिनिटांची. खालून फ्युनिक्युलरने (रुळांवरून चढणाऱ्या दोरगाडीने) चढण्याची गरजच राहत नाही.

घडीव

मान्य. मग कॅथीड्रलमध्ये काय पाहावं ते लिहितो, कारण बहुतेक लोक दहा मिनिटांत फेरी मारून बाहेर पडतात.

बांधकाम १३४४ साली सुरू झालं, पूर्ण झालं १९२९ साली. आराखडा आरासच्या मॅथियसचा. तो गेल्यावर काम पीटर पार्लरकडे आलं. चार्ल्स पूल बांधल्याचं श्रेयही त्यालाच देतात. पूर्वेकडचा अर्धा भाग चौदाव्या शतकातला, तुम्ही ज्या दाराने शिरता तो पश्चिमेचा जुळ्या मनोऱ्यांचा भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला. आत मधोमध उभं राहून दोन्हीकडच्या छताच्या कमानी ताडून पाहा. पार्लरने पूर्वेला कमानींच्या बरगड्यांची जाळी विणली आहे, ती तोवरच्या गॉथिक पद्धतीपेक्षा वेगळी होती.

डावीकडची तिसरी खिडकी चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची, १९३१ ची. इतर खिडक्यांत रंगीत काचांचे तुकडे शिशाने जोडले आहेत. इथे बरंचसं काम काचेवर रंगवून केलेलं आहे, म्हणून रंग एकातून दुसऱ्यात विरघळत जातात. मधोमध लहानपणीचा व्हाक्लाव, चेक लोकांचा संत, आपल्या आजीसोबत, सेंट लुडमिलासोबत आहे. खाली देणगीदार बँकेचं नावही दिसतं.

बाहेर पडल्यावर दक्षिणेकडच्या चौकात या आणि 'सोनेरी दरवाजा'वरचं मोझेइक पाहा. यासाठी तिकीट लागत नाही, तरी लोक पाठ फिरवून निघून जातात. १३७० च्या सुमाराचं शेवटच्या न्यायनिवाड्याचं चित्र, सुमारे दहा लाख तुकड्यांचं. या काचेत पोटॅशियम जास्त आहे. पाऊस आणि हवेतल्या प्रदूषणाने ते पृष्ठभागावर ओढलं जातं आणि त्याची राखाडी साय धरते. शेकडो वर्षं दर वेळी घासून काढलं की काही वर्षांत चित्र पुन्हा दिसेनासं व्हायचं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या मदतीने साफ करून त्यावर संरक्षक थर दिले, म्हणून आज सोनं चमकताना दिसतं. उन्हाचा कोन लागतो, तेव्हा दुपार उत्तम.

जुन्या राजवाड्यातल्या व्लादिस्लाव दालनाला लागून ती खोली आहे जिच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी सम्राटाच्या दोन प्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणिसाला खाली फेकलं. तिघंही वाचले, आणि युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं. खिडकीतून खाली डोकावून उंचीचा अंदाज जरूर घ्या.

ध्रुवतारा

ओल्ड टाउन चौकातल्या टाउन हॉलवरच्या खगोलीय घड्याळाबद्दल लिहितो. दर तासाला, सकाळी ९ ते रात्री ११, खाली गर्दी जमते. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात आटोपतं आणि 'एवढंच?' म्हणत लोक पांगतात. खरं पाहण्यासारखं आहे ते ठोका पडण्याआधीचे आणि नंतरचे दहा मिनिटं, तबकडी वाचण्यात.

१४१० साली कादानच्या मिकुलाशने हे यंत्र केलं, गणित बहुधा यान शिंडेलचं. वरची तबकडी म्हणजे ॲस्ट्रोलेब (आकाशातल्या ग्रहताऱ्यांची स्थिती दाखवणारं जुनं यंत्र) आहे, आणि तिच्या मध्यभागी पृथ्वी. निळा भाग दिवसाचं आकाश, खालचं काळं वर्तुळ रात्र, दोन्हींच्या मधला तांबूस पट्टा म्हणजे संधिप्रकाश. सोनेरी काट्यावरचा सूर्य ज्या रंगावर असेल ती सध्याची स्थिती.

आता आकडे. रोमन आकडे १ ते १२ दोनदा आहेत. वरचा १२ मध्यान्ह, खालचा मध्यरात्र. काटा चोवीस तासांत एकच फेरी मारतो. त्याच्या बाहेर काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी १ ते २४ आकडे आहेत. ही जुनी चेक वेळ, जिचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून हे कडं वर्षभर थोडं थोडं मागेपुढे फिरतं. काट्याच्या टोकाचा सोन्याचा हात इथे २० वर असेल तर सूर्यास्ताला चार तास उरले. फिरायला निघालेल्या माणसाला यापेक्षा उपयोगी घड्याळ नाही.

आतलं सरकलेलं वर्तुळ राशींचं. पंचांग पाहणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. १ मे रोजी आपल्या पंचांगात सूर्य मेषेत असतो, घड्याळात तो वृषभेत दिसतो. घड्याळ बिघडलेलं नाही. ते सायन राशी दाखवतं, वसंतसंपातापासून मोजलेल्या; आपली पंचांगं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या राशींची. फरक सुमारे २४ अंशांचा, म्हणून साधारण २४ दिवसांचा. राशिचक्राला जोडलेला छोटा तारा रोमन आकड्यांवर नाक्षत्रकाळ (ताऱ्यांवरून मोजलेली वेळ) दाखवतो. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा असून स्वतःभोवती फिरतो, त्यावरून तिथीचा अंदाज बांधता येतो. ज्या रात्री जाल त्या रात्री आकाशातल्या चंद्राशी ताडून पाहा.

खालची तबकडी दिनदर्शिकेची, रोज एक घर सरकते. त्यावरची बारा महिन्यांची चित्रं चित्रकार योसेफ मानेसची. इथे प्रत आहे, मूळ चित्र शहराच्या संग्रहालयात.

उभं कुठे राहायचं? अगदी समोर घुसू नका. सगळ्यांच्या माना वर, फोन हातात, पाठीवरच्या सॅका उघड्या. पाकीटमारांची ही ठरलेली जागा आहे. गटातल्या एकाने घड्याळाऐवजी सॅकांकडे पाहावं. प्रेषितांचे पुतळे जवळून पाहायचे असतील तर टाउन हॉलचं तिकीट काढा. आतल्या प्रार्थनागृहातून ते मागच्या बाजूने फिरताना दिसतात. त्याच इमारतीच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे.

ओसरी

@ध्रुवतारा, सायन-निरयनचं कळलं, आता तबकडी वाचूनच पुढे जाऊ. रविवारच्या योसेफोवमध्ये क्रम कसा ठेवायचा? सगळ्या सिनेगॉगला जायला हवं का?

रानवारा

सगळी नकोत, थकायला होतं आणि शेवटची दोन नुसती उरकली जातात. मी हा क्रम सुचवेन.

नऊला पिंकास सिनेगॉग. दफनभूमीत जायचा रस्ता इथूनच आहे, आणि दहानंतर दोन्ही ठिकाणी माणसं एकामागोमाग सरकतात. भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या), नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. गावानुसार, मग कुटुंबानुसार. जन्मतारीख आणि शेवटची ठाऊक असलेली तारीख. ओल येते म्हणून १९६८ साली इमारत बंद केली, नंतर नावं पुसली गेली. १९९० च्या दशकात ती पुन्हा पहिल्यापासून लिहिली. एकच गाव निवडा आणि त्यातली नावं शेवटपर्यंत वाचा. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. इथे गटाने गप्पा मारत फिरू नये, प्रत्येकाने आपापल्या गतीने पाहावं आणि बाहेर भेटावं.

मग दफनभूमी. दिसणारे दगड सुमारे १२,०००, सर्वांत जुना १४३९ चा, शेवटचं दफन १७८७ चं. वस्तीला आणखी जमीन मिळत नव्हती, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून नवी केली आणि खालचे दगड वर आणून लावले. दगड एकमेकांवर रेलले आहेत ते त्यामुळे. दगडांवरची चिन्हं वाचता येतात: आशीर्वादाचे दोन हात म्हणजे कोहेन, म्हणजे पुरोहितांचं घराणं; पाण्याची झारी म्हणजे लेवी, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांचं घराणं. सिंह, मासा, हरिण ही बहुधा नावावरून आलेली. १६०९ साली वारलेल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोवच्या थडग्यावर खडे आणि चिठ्ठ्या ठेवलेल्या दिसतील.

त्यानंतर ओल्ड-न्यू सिनेगॉग, १२७० च्या सुमाराचं, आजही प्रार्थना चालणारं. पुरुषांनी डोकं झाकायचं. दाराशी कागदी टोपी मिळते, स्वतःची असेल तर उत्तम. शेवटी स्पॅनिश सिनेगॉग, १८६८ चं, भिंतींपासून घुमटापर्यंत सोनेरी नक्षी. चारही मिळून तीन तास. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू सण येतात, त्या दिवशी रविवार असला तरी सगळं बंद. जायची तारीख ठरवतानाच पाहून घ्या.

हिंगजिरं

खाण्याचं. शाकाहारी मंडळी प्रागला घाबरतात, तेवढं कारण नाही, पण मेनू कार्ड बारकाईने वाचावं लागतं.

'स्माझेनी सीर' म्हणजे चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्ब्जमध्ये घोळवून तळलेला, सोबत बटाटा आणि टार्टर सॉस. बहुतेक पबमध्ये मिळतो. गरमच खा, थंड झाला की आतलं चीज रबरासारखं होतं. 'ब्रांबोराक' म्हणजे किसलेल्या बटाट्याचं धिरडं, लसूण आणि मार्जोरम घातलेलं. यात घोळ असा की काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात किंवा पिठात बेकनचे तुकडे टाकतात. 'सादलो' (चरबी) आणि 'स्लानिना' (बेकन) हे दोन शब्द लक्षात ठेवा आणि विचारा. मेनूवरचा 'बेझमासा' हा विभाग म्हणजे मांसाशिवायचे पदार्थ. बटाट्याचं सूपही बऱ्याचदा हाडांच्या रश्श्यावर केलेलं असतं. गोड चालत असेल तर 'ओवोत्स्ने क्नेदलिकी' मागवा, आत फळ असलेले उकडलेले गोळे, वर किसलेलं चीज आणि लोणी. एका प्लेटमध्ये दोघांचं पोट भरतं.

बीफ न खाणाऱ्यांसाठी: 'स्विच्कोवा' म्हणजे बीफ, आणि नुसतं 'गुलाश' लिहिलं असेल तर तेही बहुधा बीफच. 'क्नेदलिकी'चे पांढरे काप पावाचे असतात, पण येतात रश्श्याबरोबरच.

दुपारची स्वस्त थाळी, 'पोलेद्नी मेन्यू', कामाच्या दिवशीच असते, साधारण अकरा ते दोन. शुक्रवारी दुपारी पोचत असाल तर ती घ्या, शनिवारी शोधू नका. शनिवारी सकाळी नदीकाठी नाप्लाव्काला शेतकरी बाजार भरतो, दोनपर्यंत. पाव, चीज, फळं तिथून घेऊन दुपार भागते.

ओल्ड टाउन चौकातल्या ठेल्यांवर हॅमचा भाव १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो आणि विक्रेता तीनचारशे ग्रॅमचा तुकडा कापतो. कापण्याआधी वजन सांगा. आणि जागोजागी 'जुनी परंपरा' म्हणून विकलं जाणारं त्रदेल्निक प्रागचं नाही, ते स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाच्या बाजूचं. आवडलं तर खा, पण त्यासाठी रांग लावण्यात वेळ घालवू नका.

मैलाचा_दगड

पैशांचं राहिलं. इथे युरो नाही, चेक कोरुना. बहुतेक सगळीकडे कार्ड चालतं. रोख लागते ती बाजारात आणि काही स्वच्छतागृहांत. दुकानांत युरो घेतात, पण दर त्यांच्या मनाचा.

रस्त्यात गाठून 'चांगला भाव देतो' म्हणणाऱ्याकडून नोटा बदलू नका. हातात दुसऱ्याच देशाच्या किंवा चलनातून गेलेल्या नोटा पडतात. बदलीच्या दुकानात फसल्यासारखं वाटलं तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदाच आहे. पावती मात्र हवी.

एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलं वापरा. 'तुमच्या चलनात रक्कम कापू का?' असं पडद्यावर आलं की नाही म्हणा, आणि कोरुनामध्येच व्यवहार करा. हो म्हटलं की एटीएमवाल्याचा दर लागतो, तुमच्या बँकेचा नाही. २,००० ऐवजी १,९०० मागितले की सुट्या नोटा येतात.

सहा जणांचं जेवणाचं बिल एकत्र येतं. वेगळं हवं असेल तर कार्ड देण्याआधीच वेटरला सांगा. प्रत्येकजण आपलं काय ते सांगतो, तो तिथेच बेरीज करतो. टीप साधारण दहा टक्के, आणि कार्ड टेकवण्याआधी एकूण आकडा बोलायचा.

तिन्हीसांज

आम्ही न्यूर्नबर्गहून गाडीने येऊ म्हणतोय. चालेल का?

मैलाचा_दगड

@तिन्हीसांज, येता येतं, पण शहरात गाडी हा डोक्याला ताप आहे. महामार्गाचा इलेक्ट्रॉनिक व्हिनेट (टोल परवाना) सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावर घ्यावा लागतो. एक दिवसाचा आणि दहा दिवसांचाही मिळतो. नंबरात एक अक्षर चुकलं तर व्हिनेट नसल्यासारखंच. मध्यभागातली निळ्या पट्ट्यांची पार्किंग रहिवाशांसाठी असते, पाहुण्यांना मर्यादित वेळ. त्यामुळे गाडी झ्लिचीनसारख्या मेट्रोलगतच्या पी+आर (पार्क अँड राइड) वाहनतळावर सोडा. रात्रभर ठेवता येईल का, हे फलकावर वाचल्याशिवाय जाऊ नका. आणि गाडी चालवणाऱ्याला इथे दारूची मर्यादा शून्य आहे. दुपारच्या एका बिअरनंतरही स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही.

तिन्हीसांज

धन्यवाद, मग गाडी झ्लिचीनलाच. संध्याकाळी उशिरापर्यंत मित्रांसोबत बसायचं तर काही नियम?

घडीव

रात्री दहानंतर शांततेचा नियम आहे, आणि अपार्टमेंट घेतलं असेल तर शेजारी पोलिसांना बोलावतात. दहानंतर गटांना पबमधून पबमध्ये फिरवणाऱ्या आयोजित फेऱ्यांवर शहराने २०२४ साली बंदी घातली. स्वतःच्या गटाने एका ठिकाणी बसायला हरकत नाही. पबमध्ये ग्लास रिकामा झाला की न मागता दुसरा येतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघ पडते. नको असेल तर बिअरचा गोल पुठ्ठा ग्लासावर ठेवा. चिठ्ठी हरवू नका, तेच तुमचं बिल. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्री एकच्या आसपासपर्यंत चालते. त्यानंतर नव्वदच्या पुढच्या क्रमांकांच्या रात्रीच्या ट्राम; त्या सगळ्या लाझार्स्काच्या थांब्यावर एकमेकींना भेटतात, तिथून हवी ती पकडायची.

ओसरी

रविवारी हॉटेल अकराला सोडावं लागेल, विमान रात्री नऊला. सामान कुठे ठेवायचं आणि व्हिशेह्राद जमेल का?

रानवारा

जमेल. बहुतेक हॉटेलं संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवून घेतात. अपार्टमेंट असेल तर मुख्य स्टेशनवर, ह्लाव्नी नाद्राझीला, लॉकर आहेत. मोठ्या बॅगांचे लॉकर रविवारी दुपारपर्यंत भरतात, म्हणून योसेफोवला जाण्याआधी, सकाळी साडेआठलाच सामान टाका. चाकाच्या बॅगा ओल्ड टाउनच्या दगडी फरशीवरून ओढत नेऊ नका, चाकं तुटतात.

योसेफोव बाराला संपलं की जेवून, घड्याळ पाहून, दीडच्या सुमारास स्तारोम्येस्त्स्काहून ट्राम १७ नदीकाठाने विटोनपर्यंत. तिथून वीस मिनिटांच्या चढाने व्हिशेह्रादचा तट. आत यायला तिकीट नाही. संगीतकार द्वोर्झाक व स्मेताना आणि चित्रकार मुखा यांच्या कबरी चर्चलगतच्या स्मशानात आहेत. प्रवेशाजवळच्या फलकावर जागा दाखवलेल्या आहेत, आधी तो पाहा. चार्ल्स पुलावरचे काही मूळ पुतळे इथल्या तटाच्या पोटातल्या गोर्लित्से दालनात ठेवले आहेत. तिथे वाटाड्यासोबतच जाता येतं, ठरावीक वेळेला.

साडेचारला लाल सी लाइनच्या व्हिशेह्राद स्थानकाकडे निघा. त्याच लाइनवर मुख्य स्टेशन लागतं. तिथून सामान घेऊन म्यूझेउमला ए लाइन बदलायची, वेलेस्लावीनला उतरून ५९. सहाच्या आत विमानतळावर असाल, आणि पासपोर्टच्या रांगेला पुरेसा वेळ हाताशी राहील.